पिशवी पालथी घाला, काकू

सुनेत्रा कोणालाही औषध देण्याआधी त्याची पिशवी पालथी करायला लावते. हेगजवळच्या रायस्वाइकच्या त्या आपोटेकमध्ये, म्हणजे औषधांच्या दुकानात, डावीकडून दुसरी खिडकी तिची. समोर कोणीही येवो, डच म्हातारा असो, सुरिनामची आजी असो किंवा पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेले कोणाचे सासरे असोत, ती हसून म्हणते, "घरात जे जे आहे ते सगळं पुढच्या वेळी घेऊन या आणि इथे ओता." पहिल्यांदा लोकांना ते चमत्कारिक वाटतं. एका डच आजोबांनी पिशवी ओतली तेव्हा गोळ्यांच्या पट्ट्यांबरोबर धुतलेले मोजे बाहेर आले होते. सुनेत्राने मोज्यांची घडी घालून ते बाजूला ठेवले आणि पट्ट्या मोजायला घेतल्या.

ही सवय तिच्या वडिलांची. फलटणला एस.टी. स्टँडच्या मागे हरिहररावांचं औषधांचं दुकान होतं. बायका कमरेच्या चंचीतून, पदराच्या गाठीतून अर्धवट गोळ्या काढायच्या आणि म्हणायच्या, "अशीच द्या, पांढरी." हरिहरराव पट्टी पाहिल्याशिवाय काही देत नसत. "पांढरी तर खडीसाखरही असते," असं म्हणून गिऱ्हाइकाला घरी परत पाठवायचे. शाळा सुटल्यावर त्यांची मुलगी तिथेच एका खोक्यावर बसून अभ्यास करायची. डॉक्टरांचं अक्षर तिला पाठ्यपुस्तकाच्या आधी वाचता यायला लागलं.

पुढे ती साताऱ्याला बी.फार्म. झाली, दोन वर्षं पुण्यात एका मोठ्या औषधदुकानात होती आणि लग्न होऊन २०१२ साली प्रणवबरोबर इथे आली. प्रणव संगणकाच्या कामाचा माणूस, त्याची नोकरी तयार होती. तिच्या पदवीला मात्र इथे किंमत नव्हती. डच शिका, मग बहुतेक सगळं पुन्हा शिका, असं उत्तर आलं. दीड वर्ष तिने खिडकीतून ट्राम मोजल्या. हे तिचेच शब्द आहेत. मग एक दिवस आपोटेकच्या दारावर चिठ्ठी दिसली: औषधं घरपोच देण्यासाठी माणूस हवा, सायकल आपोटेकची.

"फार्मसी शिकून सायकलवर पुड्या पोचवतेस?" सासूबाई फोनवर म्हणाल्या.

"आई, इथे डॉक्टरही सायकलवरच येतात," ती म्हणाली. "फरक फक्त पुढच्या टोपलीत काय आहे त्याचा."

मला ती त्या टोपलीसकट भेटली. तारीख ९ एप्रिल २०१४. तारखा मला आठवत नाहीत, मी त्या पाहते. पुण्यात लष्कर भागातल्या नन्सच्या शाळेत मी शिकले. चौथीत असताना सिस्टर बर्नाडेटनी आम्हाला रोजनिशी सुरू करायला लावली. उजव्या कोपऱ्यात तारीख आणि गाव. खाडाखोड करायची नाही. चुकलं तर त्यावर एकच सरळ रेघ मारायची, म्हणजे चूकही वाचता येते. तेव्हापासून एकही दिवस कोरा गेलेला नाही. त्या दिवशीच्या पानावर लिहिलं आहे: "औषधवाली मुलगी. दारातच थांबून वास घेतला. मराठी."

मी आमटीला फोडणी देत होते. दार राजननी उघडलं. मुलगी घोकलेल्या डचमध्ये आमचं आडनाव आणि जन्मतारीख विचारू लागली, आणि मध्येच थांबून म्हणाली, "आमसूल घातलंय ना?" राजन म्हणाले, "घातलंय. आता जेवूनच जा." ती म्हणाली की अजून अकरा घरं आहेत. मग उभ्या उभ्या वाटीभर आमटी प्यायली आणि गेली.

राजन म्हणजे माझे पती. रायस्वाइकच्या पेटंटच्या कचेरीत त्यांनी एकतीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर त्यांच्या डोक्यात कॅम्परचं वेड शिरलं. कॅम्पर म्हणजे आत पलंग, शेगडी, छोटी मोरी आणि चालकाची जागा असं सगळं असलेली गाडी. २०१६ साली आम्ही घर विकलं आणि कॅम्परमध्येच राहायला लागलो. सुटीपुरते नव्हे, कायमचे. मैत्रिणी म्हणाल्या, "बिऱ्हाड पाठीवर." मला आधी धास्ती वाटली. मग रोजनिशीच्या उजव्या कोपऱ्यातलं गाव रोज बदलू लागलं आणि मला त्याची गोडी लागली.

एकच अडचण होती. माझ्या हृदयातली एक झडप कृत्रिम आहे. लहानपणी सांधेतापाने मूळची झडप खराब केली आणि २००३ साली इथे ती बदलली. शांत जागी ती घड्याळासारखी टिकटिकते. राजन म्हणायचे, "या गाडीत भिंतीवरचं घड्याळ लावायची गरज नाही." या झडपेसाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. कमी पडली तर झडपेवर गुठळी होते, जास्त झाली तर रक्तस्राव. म्हणून इथे एक वेगळी सेवा असते. काही आठवड्यांनी रक्त तपासतात आणि पुढच्या दिवसांचा तक्ता पाठवतात: सोमवारी दोन, मंगळवारी दोन, बुधवारी तीन. सेवा फक्त आकडा सांगते. गोळ्या मिळायला डॉक्टरची चिठ्ठी आणि आपोटेक लागतं. आणि चाकांवर राहणाऱ्या बाईला कुठला डॉक्टर आणि कुठलं आपोटेक?

ही गाठ सुनेत्राने सोडवून दिली होती. तोवर ती सायकलीवरून काउंटरच्या आत आली होती. रोज संध्याकाळी वर्गाला जाऊन तिने सहायकाची परीक्षा दिली, आणि डच ती शिकली ती मुख्यतः औषधं नेऊन दिलेल्या म्हाताऱ्यांच्या गप्पांमधून. त्यामुळे अजूनही ती हेगच्या जुन्या आज्यांसारखी बोलते आणि तरुण डॉक्टरांना हसू येतं. रायस्वाइकचे आमचे जुने हाउसआर्ट्स, म्हणजे घरचे डॉक्टर, भले होते. तेच चिठ्ठ्या देत राहिले. आम्ही ग्रोनिंगनला असलो तर सुनेत्रा तिथल्या आपोटेकला फोन करायची, लिंबुर्गला असलो तर तिथल्या. दर तीन महिन्यांनी रायस्वाइकला आलो की खिडकीशी पिशवी पालथी.

तिथेच तिने माझा डबा पाहिला. गाडीत कागदी खोकी चुरगळतात, म्हणून मी गोळ्या मिसळणाच्या जुन्या डब्यात ठेवायचे. सात वाट्या, सात वार.

"काकू, शनिवार जिऱ्याच्या वाटीत?" ती हसली.

"जिरं कधीच काढलं. घासून लख्ख केलंय."

"डबा छान आहे. पण गोळ्या पट्टीतून सोडवून ठेवू नका. पट्टीसकट कापून ठेवा. सुटी गोळी म्हणजे बिनचेहऱ्याचा माणूस."

मी हो म्हटलं. पट्टीचे कापलेले कोपरे बोटांना टोचतात, म्हणून तसं केलं मात्र नाही.

राजन नोव्हेंबर २०२१ मध्ये गेले. पंधरा दिवसांनी मी त्यांची उरलेली औषधं परत द्यायला गेले. इथे ती कचऱ्यात टाकत नाहीत. माझ्या हातून पिशवी ओतवेना. सुनेत्राने खिडकीवर 'बंद' ची पाटी लावली, बाहेर येऊन माझ्या शेजारी बसली आणि एकेक पट्टी काढून नाव वाचत गेली. मी तिच्याबरोबर वाचत गेले. रांगेत सहा माणसं होती. कोणीही घड्याळाकडे पाहिलं नाही.

त्यानंतर मी एकटीच कॅम्पर चालवू लागले. आमची मुलगी संहिता फेल्डहोवनला चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत आहे. तिने वरच्या मजल्यावर माझ्यासाठी खोली तयार ठेवली, माझे जुने पडदेसुद्धा लावले. खोली चांगली आहे. पण मला सकाळी दार उघडलं की गवत किंवा पाणी दिसायची सवय झाली होती. आणि चालकाच्या शेजारची खुर्ची त्यांची होती.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये घडी विस्कटली. जुने डॉक्टर निवृत्त झाले. नव्यांनी कागदपत्रं पाहिली. घर विकल्यापासून माझा पत्रव्यवहाराचा पत्ता संहिताचा होता. पत्र आलं: आपण आमच्या भागात राहत नाही, कृपया फेल्डहोवनला डॉक्टर शोधा. पत्र सभ्य होतं आणि नियमाला धरून होतं. फेल्डहोवनला चार ठिकाणी फोन केला. चारही ठिकाणी यादी भरलेली.

संहिताने शांतपणे सांगितलं, "आई, एक ऑक्टोबरपर्यंत डॉक्टर मिळाला नाही, तर कॅम्परची किल्ली माझ्याकडे. तुझ्या झडपेवर मी जुगार खेळणार नाही."

मी कबूल झाले. गोळ्या ४ सप्टेंबरपर्यंत पुरतील एवढ्या होत्या. तेव्हा सुनेत्राला फोन करायला हवा होता. ती चार दिवसांची सोय नक्की करून देऊ शकली असती. पण मनात आलं, गोळ्या संपत आल्याचं संहिताच्या कानावर गेलं तर एक ऑक्टोबरचीही वाट कोणी पाहणार नाही. आणि नेमका माझ्या बहिणीचा मुलगा अभिराम कचेरीच्या कामाने पुण्याहून हेगला यायचा होता. आपलं माणूस येतंय म्हटल्यावर आपण काय करतो? लोणचं, भाजणी आणि औषधं मागवतो. मी रोजनिशीच्या पानावर गोळीचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं, फोटो काढला आणि पाठवला. ओळखीच्या दुकानदाराने दिल्या. ४ सप्टेंबरला अभिरामने भाजणीच्या पुड्याखालून आठ पट्ट्या काढल्या.

"मावशी, याला इथे चिठ्ठी लागते आणि तिकडे फक्त ओळख लागते. सांग, कुठला देश पुढे?"

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. गोळ्या तशाच पांढऱ्या, तशाच बारीक. सोडवून सात वाट्यांत भरल्या आणि झेलंडला निघाले. डोम्बुर्गजवळ एका शेतकऱ्याच्या गवतावर चार कॅम्परची जागा आहे, वाळूच्या टेकडीपलीकडे समुद्र. सोमवारी दोन, मंगळवारी दोन, बुधवारी तीन. रोज घेतल्या की वहीत बरोबरची खूण.

शनिवार, १४ सप्टेंबर, सकाळी अकरा. फोन वाजला. चित्रासहित सुनेत्रा, मागे तिच्या स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी.

"काकू, कुठे आहात?"

"समुद्रावर. आज तुला सुट्टी ना?"

"हो, पण काल संध्याकाळी याद्या बघत होते. तुमच्या झडपेच्या गोळ्या चार तारखेला संपल्या. तुम्ही मागितल्या नाहीत, दुसऱ्या कोणी दिल्याची नोंद नाही. गेले नऊ दिवस काय घेताय? देवाचं नाव?"

मला हसू आलं. "अगं, अभिराम आला ना. त्याने आणल्या. तीच गोळी, तेच नाव. एक दिवस चुकवला नाही. वही दाखवू?"

"वही नको. पट्टी दाखवा."

"त्या तर मी डब्यात..."

"डब्यातल्या नकोत. पट्टी. उरलेल्या कुठे आहेत?"

"खणात."

"खण काढा आणि पलंगावर ओता. पिशवी पालथी घाला, काकू."

मी फोन डब्याला टेकवून उभा केला आणि खण ओतला. एक पट्टी कॅमेऱ्यासमोर धरली. ती डोळे बारीक करून पाहू लागली.

"चकाकतेय. तुम्हीच वाचा."

"चष्मा..."

"चष्मा लावा. मोठ्याने वाचा."

मी नाव वाचलं.

"पुढे?"

"पुढे... दोन एम.जी."

कुकरची शिट्टी झाली. सुनेत्राने हात लांब करून गॅस बंद केला.

"काकू, इथे ही गोळी एकाच ताकदीची मिळते. एक मिलिग्रॅम. म्हणून तक्त्यात नुसता आकडा असतो. भारतात एक, दोन, तीन, चार, सगळ्या मिळतात. तुम्ही रोज किती घेतल्यात?"

"तक्त्याप्रमाणे. दोन, दोन, तीन."

"म्हणजे चार, चार, सहा."

माझ्या समोर वही उघडी होती. नऊ दिवस, नऊ खुणा, सगळ्या नीट आणि सगळ्या चूक. एकवीस वर्षांत मी एकदाही ताकद लिहिली नव्हती. लिहायची असते हे मला सुचलंच नव्हतं.

"अंगावर कुठे निळं पडलंय? हिरड्यांतून रक्त?"

मी वही वाचून दाखवली. मंगळवार, १० सप्टेंबर: डाव्या दंडावर दोन युरोच्या नाण्याएवढा निळा डाग, कपाटाचं दार लागलं असावं. गुरुवार, १२: दात घासताना रक्त, नवा ब्रश कडक आहे.

"तुमच्या वहीला शंभर मार्क आणि तुम्हाला शून्य," ती म्हणाली. आवाज मात्र थट्टेचा नव्हता. "डोकं दुखतंय? पडलात वगैरे?"

"नाही."

"बरं. आता ऐका. आजची गोळी घ्यायची नाही. शनिवारचं डॉक्टरांचं केंद्र उघडं असतं, मी इथून त्यांना फोन करते, तुम्ही येताय म्हणून. पट्टी, तक्ता आणि वही बरोबर न्या. गाडी तुम्ही चालवायची नाही. शेतावर कोण आहे?"

"शेतकऱ्याची बायको."

"तिला फोन द्या. आणि काकू, संहिताला तुम्ही कळवायचं."

"तिला कशाला आत्ताच? सुनेत्रा, ती किल्ली काढून घेईल."

"घेईल कदाचित. पण मी तिला खोटं सांगणार नाही, आणि तुमच्या वतीने खरंही सांगणार नाही. ते तुमचं काम."

शेतकऱ्याच्या बायकोच्या हाताला बटाट्याची माती होती. तिने ती पँटला पुसली, फोनवर दोन मिनिटं "या, या", म्हणजे हो, हो, म्हणत ऐकलं आणि मला तिच्या गाडीत बसवलं. वाटेत मी संहिताला फोन केला. सगळं सांगितलं, अभिरामच्या भाजणीपासून. ती फक्त "निघाले" म्हणाली.

केंद्रातल्या तरुण डॉक्टरने बोटातून रक्त घेतलं. रक्त किती पातळ आहे त्याचा माझा आकडा तीनच्या आसपास असायला हवा. आला साडेसहा. त्याने रुग्णालयातल्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. रक्त एकदम घट्ट करणारं औषध द्यावं तर झडपेला धोका, देऊ नये तर दुसरा धोका. शेवटी ठरलं: शनिवार-रविवार गोळी बंद, सोमवारी पुन्हा तपासणी, एकटीने राहायचं नाही, आणि डोकं दुखलं किंवा कुठे धडपडले तर लगेच यायचं. मग त्याने पट्टी उलटीपालटी करून पाहिली.

"हे कोणाच्या लक्षात आलं?"

"माझ्या आपोटेकच्या मुलीच्या. तिचा सुट्टीचा दिवस आहे."

"आणखी आठवडाभर घेतल्या असत्या तर आपण इथे बोलत नसतो कदाचित," तो म्हणाला. डच लोक अशी गोष्ट हवामान सांगावं तशी सांगतात. मला ते बरं वाटलं.

संहिता दोन वाजता पोचली. कॅम्परच्या छोट्या टेबलापाशी आम्ही समोरासमोर बसलो. तिने काही विचारण्याआधी मी किल्ली टेबलावर ठेवली. तिने ती उचलली नाही.

"मी शाळेत असताना कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तू मला तो मोठ्याने वाचायला लावायचीस," ती म्हणाली. "सहलीच्या परवानगीचा कागदसुद्धा. आठवतं?"

"आठवतं."

"मग?"

मी वही मिटली. तिने चहा टाकला. रात्री ती राजनच्या जागेवर झोपली. किल्ली टेबलावरच होती.

रविवारी सकाळी प्रणवची गाडी गवतावर आली. सुनेत्राने इथल्या गोळ्या आणल्या होत्या, त्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर, आणि एका डब्यात वरणभात. आल्या आल्या तिने माझ्या कॅम्परचं प्रत्येक कपाट उघडलं. मुदत संपलेलं खोकल्याचं औषध, राजनचं सांधेदुखीचं मलम, गेल्या तीन वर्षांत पाहुण्यांनी भारतातून आणलेल्या निरनिराळ्या पट्ट्या. पलंगावर ढीग झाला.

"हे बघितलंस?" संहिता म्हणाली. "म्हणून मी म्हणते, पुरे आता. आईने घरी यावं."

सुनेत्रा पट्ट्या लावत होती. मान वर न करता तिने विचारलं, "आणि अभिरामने या गोळ्या फेल्डहोवनला आणून दिल्या असत्या तर?"

संहिता तिच्या हातातली पट्टी पाहू लागली.

"काकूंनी त्या तुझ्या घरी, वरच्या खोलीत, याच डब्यात सोडवून ठेवल्या असत्या. तू कामाला गेली असतीस. तू पट्टी वाचली असतीस का?"

"तू नक्की कोणाच्या बाजूची आहेस?"

"गोळीच्या," सुनेत्रा म्हणाली. "काकूंनी कुठे राहायचं ते तुम्ही दोघी ठरवा. चूक चाकांमुळे झालेली नाही, एवढंच मला माहीत आहे. चूक लपवाछपवीने झाली. डॉक्टर नाही हे काकूंनी माझ्यापासून लपवलं, गोळ्या संपल्या हे तुझ्यापासून. का लपवलं? एक ऑक्टोबर."

बाहेर प्रणव शेतकऱ्याशी बटाट्यांबद्दल बोलत होता, तेवढं ऐकू येत होतं. संहिताने किल्ली उचलून पर्समध्ये टाकली. "एक ऑक्टोबर अजून आहे," ती म्हणाली. "तोवर तू माझ्याकडे राहा. गाडी मी चालवते."

तशी मी सोळा दिवस त्या पडद्यांच्या खोलीत राहिले. सोमवारी रक्त तपासलं, आकडा खाली येत होता. त्याच दिवशी सुनेत्राने सांगितल्याप्रमाणे विमा कंपनीला फोन केला. डॉक्टर मिळत नसेल तर शोधून देणं हे त्यांचं काम असतं, आणि मी ऑगस्टपासून ताठ मानेने स्वतःच फोन फिरवत बसले होते. फोनवरच्या बाईने माझी सगळी हकिकत ऐकून घेतली आणि विचारलं, "हे आम्हाला आधी का नाही सांगितलंत?" मी तिला म्हटलं की हा प्रश्न मला या आठवड्यात तिसऱ्यांदा विचारला जातोय.

दुसरी गोष्टही सुनेत्रानेच काढली. रक्ताची तपासणी घरच्या घरी करता येते. हातात मावेल असं यंत्र, बोटाचा एक थेंब, आकडा संगणकावरून सेवेला कळवायचा. त्यासाठी शिकावं लागतं आणि परीक्षा असते. "नोंद ठेवणारा माणूस लागतो त्याला," ती म्हणाली. "तुमच्यापेक्षा चांगला कुठून आणू? फक्त आता एक रकाना वाढवा."

मी आयंडहोव्हनला तीन सकाळी शिकायला गेले. वर्गात आम्ही पाच जण, सगळे पांढऱ्या केसांचे. शिकवणाऱ्या परिचारिकेने माझी वही चाळली आणि त्या नऊ दिवसांवर थांबली. मी त्या नऊ खुणांवर एकेक सरळ रेघ मारली होती आणि वर लिहिलं होतं: चार, चार, सहा. "हे खोडून का नाही टाकलंत?" तिने विचारलं. मी तिला सिस्टर बर्नाडेटबद्दल सांगितलं.

३० सप्टेंबर, सोमवार. दुपारी पत्र आलं. फेल्डहोवनजवळच्या एका खेड्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला यादीत घेतलं होतं. तीन महिन्यांतून एकदा समोर येऊन दाखवायचं, एरवी फोन, आणि चिठ्ठी मी सांगेन त्या गावच्या आपोटेकला पाठवू. मी पत्र टेबलावर ठेवलं. संहिताने कामावरून येऊन कोट न काढता ते वाचलं, अगदी तळटीपेपर्यंत. मग वर गेली आणि खाली येताना तिच्या हातात कॅम्परची किल्ली होती.

"एक अट," ती म्हणाली. "दर सोमवारी पट्टीचा फोटो. ताकद दिसली पाहिजे."

"सुनेत्राला पाठवीन."

"मी विचारलं तिला. ती नको म्हणाली. म्हणाली, तुझ्या आईला तुला काहीतरी कळवायची सवय लाव."

आता दर सोमवारी आठ वाजता मी मिसळणाच्या डब्याचा फोटो पाठवते. सात वाट्यांत पट्टीचे सात तुकडे, आणि शेजारी नाव व ताकद छापलेली अख्खी पट्टी. कोपरे बोटांना टोचतात. ती उत्तर पाठवते, कधी नुसता अंगठा, कधी "आज कुठे आहेस?" मग मी पायरीवर बसून तिला गवताचा किंवा पाण्याचा फोटो पाठवते. गेल्या काही वर्षांत आम्ही एवढ्या बोललो नव्हतो.

औषधांसाठी मला आता रायस्वाइकला जाण्याची गरज नाही. तरी मार्चमध्ये मी मुद्दाम वळण घेऊन गेले. आपोटेकमध्ये नंबराचा कागद घेतला आणि रांगेत बसले. माझ्या पुढे एक मराठी जोडपं होतं. नाशिकहून मुलाकडे आले होते. आजोबा पिशवी छातीशी धरून कुरकुरत होते, "हिला आपली सगळी दुखणी सगळ्यांसमोर कशाला दाखवायची?" त्यांची बायको म्हणाली, "दाखवा हो. लग्नाचे दागिने आहेत का त्यात?" खिडकीशी गेल्यावर आजोबांनी पिशवी ओतली, आणि सुनेत्रा एकेक पट्टी हातात घेऊन मराठीत त्यांना वाचून दाखवू लागली, सावकाश, नाव आणि ताकद. तिच्या मानेपाशी आता थोडे पांढरे केस आलेत. तिला ते माहीत आहेत की नाही, मी विचारलं नाही.

मग माझा नंबर आला. न सांगताच मी पिशवी पालथी घातली. पट्ट्या, यंत्राची डबी, चष्मा, वही, आणि सगळ्यात शेवटी खणकन कॅम्परची किल्ली पडली.

सुनेत्राने सगळं तसंच ठेवलं आणि फक्त किल्ली एका बोटाने माझ्याकडे सरकवली.

"ही आधी उचला, काकू," ती म्हणाली. "मग गोळ्या मोजू."